राष्ट्रासाठीं प्रार्थना : वऱ्हाडांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासाचें एक उपेक्षित साधन

१

बखरी, महजर, वतनपत्रें, निवाडे आणि खाजगी पत्रव्यवहार हीं इतिहासाचीं साधनें म्हणून आपणां सर्वांस मान्य आहेत. देवळांतील शिलालेख व मठांतील पोथ्या यांची योग्यताही आतां कोणी नाकारीत नाहीं. पण एखाद्या समाजानें एकत्र बसून देवाजवळ काय मागितलें, याची नोंद साधन म्हणून जपून ठेवावी, असें आपल्यापैकीं फारच थोड्यांस वाटलें आहे. वस्तुतः मागणें हें मनुष्याच्या मनाचें मोठें खरें दर्शक होय. अर्जांत मनुष्य अधिकाऱ्यास रुचेल तें लिहितो. वादांत प्रतिपक्षास गप्प बसवील तें बोलतो. प्रार्थनेंत मात्र आपलें कोण व परकें कोण, भय कशाचें व आशा कशाची, हें त्याच्या तोंडून सहज बाहेर पडतें.

यवतमाळ जिल्ह्यांतील दारव्हा हें तालुक्याचें गांव वऱ्हाडच्या कापसाच्या मुलखांत आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळास जाणारी छोटी रेल्वे याच गांवावरून गेली, आणि येथूनच पुसदास फाटा फुटला. या गांवाचा व आसपासच्या मुलखाचा इतिहास लिहितांना जमीनमहसूल, कापूस व रेल्वे यांचीं प्रकरणें होतात. पण येथें एक लहानशी ख्रिस्ती मंडळीही नांदत आली आहे, याचा उल्लेख एखाद्या ओळीपलीकडे जात नाहीं. या मंडळीनें व तिच्यासारख्या वऱ्हाडांतील इतर मंडळ्यांनीं जी प्रार्थना 'देशासाठीं' म्हणून केली, तो देश कोणता, आणि त्या प्रार्थनेचे कागद आज आपण कां शोधावे, हें प्रस्तुत निबंधांत मांडण्याचा विचार आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करूं. 'प्रार्थना' हा शब्द 'प्र' उपसर्गपूर्वक 'अर्थ्' धातूपासून झाला असून त्याचा मूळ अर्थ आग्रहपूर्वक मागणें एवढाच आहे. पुष्कळांनीं एकत्र जमून, कोणत्याही मध्यस्थावांचून, चालू भाषेंत देवाजवळ मागणें करावें, या अर्थानें तो शब्द मराठींत रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकांत. मुंबईस १८६७ सालीं स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजानें तर तो आपल्या नांवांतच घेतला. तत्पूर्वीं आपल्याकडे सामुदायिक मागणें नव्हतें असें मात्र नाहीं. वाजसनेयी संहितेच्या बाविसाव्या अध्यायांत राष्ट्राच्या कल्याणाचें मागणें आहे. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडाच्या आरंभीं भूमीचें सूक्त आहे. आणि ज्ञानेश्वरीच्या शेवटीं ज्ञानदेवांनीं जें पसायदान मागितलें, त्यांत स्वतःसाठीं कांहींच न मागतां सर्व भूतमात्रासाठीं मागितलें आहे. तेव्हां दुसऱ्यांसाठीं मागण्याची रीत मराठी मनास परकी नव्हती. ख्रिस्ती मंडळ्यांनीं ती नव्या रूपांत पुढें चालविली, एवढेंच.

'राष्ट्र' शब्दाची कथा याहून चमत्कारिक आहे. संस्कृतांत राष्ट्र म्हणजे राजाचें राज्य किंवा मुलूख. मुंबईस अमेरिकन मिशननें १८२६ सालीं मराठींत नवा करार छापला, व पुढें भाषांतरें सुधारत गेलीं. त्या भाषांतरांच्या परंपरेंत ग्रीक 'एथ्नोस' शब्दास 'राष्ट्र' हा प्रतिशब्द स्थिर झाला, आणि यहुदी नसलेल्या लोकांस 'परराष्ट्रीय' म्हणण्याचा प्रघात पडला. याचा परिणाम असा झाला कीं, ख्रिस्ती मराठींत 'राष्ट्रें' म्हणजे प्रथमतः ज्यांस सुवार्ता सांगावयाची ते इतर लोक. 'राष्ट्रांसाठीं प्रार्थना' याचा जुना अर्थ 'जगांतील निरनिराळ्या लोकसमूहांसाठीं प्रार्थना' असा होता; 'आमच्या देशासाठीं' असा नव्हे. पुढें राष्ट्रीय सभेच्या चळवळीनें 'राष्ट्र' शब्दांत मातृभूमीचा अर्थ भरला, आणि एकाच शब्दांत दोन अर्थ नांदूं लागले. जुनी प्रार्थना वाचतांना कोणता अर्थ अभिप्रेत आहे हें प्रसंगावरून ठरवावें लागतें. जो संशोधक 'राष्ट्र' शब्द दिसतांच देशभक्तीचा पुरावा मानील तोही फसेल, आणि जो धर्मप्रसाराचा पुरावा मानील तोही फसेल.

तिसरा शब्द आमच्या वाचकांस विशेष गोड वाटेल, तो 'रदबदली'. पेशवेकालीन कागदपत्रें चाळणाऱ्यास हा शब्द नवा नाहीं. एखाद्यावर सरकारची इतराजी झाली असतां दुसऱ्यानें दरबारांत त्याच्या वतीनें बोलणें करावें, त्यास रदबदली म्हणत. ख्रिस्ती मराठीनें हाच शब्द उचलून देवाजवळ दुसऱ्यासाठीं केलेल्या विनवणीस लाविला. तेव्हां देशासाठीं प्रार्थना करणारी मंडळी ही त्या कल्पनेप्रमाणें देवाच्या दरबारांत उभी असलेली, आपल्या देशाची वकील होय. वकील ज्याच्या बाजूनें उभा राहतो त्याचा तो असतो. म्हणूनच 'कोणाची रदबदली केली?' हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नसून इतिहासाचाही आहे.

३

राज्यकर्त्यांसाठीं प्रार्थना करण्याची ख्रिस्ती चाल फार जुनी आहे. पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांत राजे व अधिकारी यांच्यासाठीं मागणें करण्यास सांगितलें आहे. हें सांगितलें त्या काळीं रोमचा बादशहा ख्रिस्ती नव्हता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्याहून जुना आधार यिर्मयाच्या पत्राचा. बाबेलास धरून नेलेल्या यहुदी लोकांस त्या संदेष्ट्यानें, ज्या नगरांत तुम्ही बंदिवान आहां त्याच नगराच्या कुशलासाठीं देवाजवळ मागा, असा उपदेश केला. इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेज येथील टर्टुलियन यानें आपल्या समर्थनपर ग्रंथांत ख्रिस्ती लोकांवरील राजद्रोहाच्या आरोपास उत्तर देतांना हाच मुद्दा पुढें केला. आम्ही बादशहाची पूजा करीत नाहीं, पण त्याच्यासाठीं प्रार्थना करितों, आणि ती कोणी पढविल्यावांचून, मनापासून करितों, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. पूजा व प्रार्थना यांतील हा भेद महत्त्वाचा आहे. ज्याच्यासाठीं प्रार्थना करावयाची तो देव नव्हे, तोही देवापुढें उत्तरदायी, हें तीत गृहीत धरलेलें असतें.

हिंदुस्थानांत या चालीला कसोटी लागली ती १८५७ सालीं. त्या वर्षीं ७ आक्टोबर रोजीं इंग्लंडांत सरकारी आज्ञेनें उपास व प्रार्थना यांचा दिवस पाळण्यांत आला. हिंदुस्थानांतील इंग्रजी सत्ता पुन्हां स्थिर व्हावी, हें त्या दिवसाचें प्रयोजन होतें. लंडनच्या स्फटिकमहालांत स्पर्जन नामक प्रसिद्ध उपदेशकाचें प्रवचन ऐकण्यास वीस हजारांवर लोक जमले होते. येथें राष्ट्र म्हणजे इंग्लंड, आणि प्रार्थना म्हणजे जेत्याची जयेच्छा. अशी प्रार्थना हिंदी ख्रिस्ती मनुष्यास जशीच्या तशी कशी करतां यावी?

परंतु त्याच प्रलयांतून दुसरी एक गोष्ट निघाली. लुधियाना येथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कांहीं सहकारी फत्तेगड येथून पळत असतां पकडले जाऊन कानपुरास मारले गेले होते. त्या मिशननें १८५८ सालीं सर्व जगांतील ख्रिस्ती मंडळ्यांस एक विनंतिपत्र पाठविलें. १८६० च्या जानेवारींतील दुसऱ्या आठवड्यांत सर्वांनीं एकाच वेळीं प्रार्थना करावी, अशी ती विनंति होती. ती मान्य झाली. इव्हँजेलिकल अलायन्स या १८४६ सालीं लंडनांत निघालेल्या संस्थेनें पुढें तो भार उचलला, आणि जानेवारीच्या आरंभींचा 'प्रार्थनासप्ताह' दरवर्षीं पाळला जाऊं लागला. प्रत्येक दिवसाचे विषय छापून येत. त्यांत राष्ट्रें व त्यांचे अधिपति हाही एक विषय असे. सर्व जगभर पसरलेल्या या प्रघाताची मूळ हांक हिंदुस्थानांतील एका गांवाहून गेली, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे.

या अलायन्सशीं मराठी मंडळ्यांचाही संबंध आला. १८४३ सालीं बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं वऱ्हाडला लागून असलेल्या जालन्याजवळ बेथेल नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें. हेच नारायण शेषाद्रि १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या अलायन्सच्या परिषदेस हिंदुस्थानांतून गेले होते. तेव्हां मराठी ख्रिस्ती मंडळ्यांस या सामुदायिक प्रार्थनेची ओळख केवळ परदेशी पाद्र्यांच्या मुखानें झाली असें समजूं नये. त्यांचा स्वतःचा मनुष्यही त्या सभेंत बसून आला होता.

४

आतां वऱ्हाडाकडे वळूं. येथें राजासाठीं प्रार्थना करूं म्हणणाऱ्यापुढें पहिलीच अडचण अशी कीं, राजा कोण? १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत दिलें. पण स्वामित्व निजामाचेंच राहिलें. १९०२ सालीं सालिना पंचवीस लक्ष रुपयांच्या कायमच्या मक्त्यानें इंग्रजांनीं तें घेतलें, आणि १९०३ सालीं तें मध्यप्रांतास जोडलें. तरीही नांवाचें स्वामित्व सुटलें नाहीं. १९३६ च्या करारानें निजामाच्या वारसास 'वऱ्हाडचा युवराज' ही पदवी मिळाली. म्हणजे दारव्ह्याचा शेतकरी सारा इंग्रजी अंमलदाराकडे भरीत असे, कायदा कलकत्त्याचा वा दिल्लीचा पाळीत असे, आणि कागदोपत्रीं त्याच्या भूमीचा धनी हैदराबादेस होता. खुद्द दारव्हा तालुका १९०५ पर्यंत वणी जिल्ह्यांत होता. त्या वर्षीं वणी जिल्ह्याची नवी रचना होऊन त्यास यवतमाळ जिल्हा हें नांव मिळालें, तेव्हां पुसद तालुका इकडे आला. पुढें १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. सुमारें शंभर वर्षांत एकाच गांवानें इतके धनी व इतक्या सीमा पाहिल्या. अशा ठिकाणीं 'आमचे अधिकारी' व 'आमचा देश' हे शब्द प्रार्थनेंत कोणत्या काळीं कोणास लाविले जात, हें पाहणें हाच मुळीं एक इतिहास आहे.

दुसरी गोष्ट प्रार्थनेच्या रीतीची. इंग्लंडच्या चर्चमध्यें प्रार्थना ठरलेल्या ग्रंथांतून वाचतात, आणि त्या ग्रंथांत राजासाठींचीं मागणीं नेमून दिलेलीं असतात. यवतमाळ जिल्ह्यांत मात्र मुख्यतः काम केलें तें फ्री मेथडिस्ट या अमेरिकन मिशननें. हा पंथ १८६० सालीं न्यूयॉर्क राज्यांत निघाला. चर्चमधील आसनें पैसे घेऊन भाड्यानें देण्याच्या चालीस त्यांचा विरोध होता, तसाच गुलामगिरीसही होता. त्यांच्या नांवांतील 'फ्री' शब्दास हे दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत. या पंथाचे अर्नेस्ट वॉर्ड व त्यांची पत्नी फीबी हीं १८८१ सालीं हिंदुस्थानांत येऊन बऱ्हाणपुराकडे कामास लागलीं, आणि त्या शतकाच्या शेवटच्या दशकांत यवतमाळास मिशनचें ठाणें झालें. पुढें वणी, दारव्हा, उमरी या ठिकाणींही त्यांचें काम चाललें. उमरीचें इस्पितळ तर त्या भागांत सर्वांस परिचित आहे.

या दोन बाबींचा मेळ घातला म्हणजे दारव्ह्याच्या मंडळीचें वैशिष्ट्य कळतें. तिचे पाद्री अमेरिकन, म्हणजे स्वतः कोणत्याही राजाची प्रजा नव्हेत. आणि त्यांची प्रार्थना ग्रंथांतून वाचावयाची नव्हे, तर उभें राहून स्वतःच्या शब्दांत करावयाची. तेव्हां राजाचें नांव घेण्याची ग्रंथाची सक्ती येथें नव्हती. जें मागितलें गेलें तें मागणाऱ्याच्या स्वतःच्या मनांतून आलें. टर्टुलियनानें म्हटल्याप्रमाणें कोणी पढविणारा नव्हता. इतिहासकाराच्या दृष्टीनें या प्रार्थनेची किंमत म्हणूनच अधिक. आणि ती लिहून ठेवलेली नसल्यामुळें तिचा माग काढणेंही तितकेंच कठीण.

५

१९०५ हें वर्ष या विषयांत अनेक अर्थांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षाच्या आरंभीं पंडिता रमाबाईंनीं पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथील मुक्तिसदनांत प्रार्थनेसाठीं हांक दिली. आपणांसह हिंदुस्थानांतील सर्व ख्रिस्ती लोकांचें खरें हृदयपरिवर्तन व्हावें, हें त्या मागण्याचें स्वरूप होतें. आरंभीं सुमारें सत्तर जणी रोज सकाळीं जमत. जूनपर्यंत दिवसांतून दोन वेळां जमणाऱ्यांची संख्या साडेपांचशेंवर गेली, असें त्यांच्याच कथनावरून कळतें. त्यानंतर प्रार्थना करणाऱ्या मुलींच्या टोळ्या आसपासच्या गांवीं जाऊं लागल्या. या मुलींत दुष्काळांतून वांचलेल्या पुष्कळ होत्या. १८९७ च्या दुष्काळांत रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत जाऊन निराधार मुली घेऊन आल्या होत्या. म्हणजे ज्या प्रदेशाशीं वऱ्हाड पुढें जोडलें गेलें, त्याच प्रदेशांतील अनाथ मुली केडगांवास बसून देशासाठीं रदबदली करीत होत्या. या प्रार्थनेचा एक विशेष असा कीं, तिचा आरंभ 'आम्हांस बदल' या मागण्यानें होतो. देश सुधारावा म्हणणाऱ्यानें प्रथम आपल्याकडे बोट करावें, हा तिचा क्रम आहे. आणि याच रमाबाई १८८९ सालीं मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेस स्त्रीप्रतिनिधि म्हणून हजर होत्या, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्यांची प्रार्थना देशाच्या सार्वजनिक जीवनापासून तुटलेली होती, असें म्हणतां येत नाहीं.

त्याच वर्षीं १६ आक्टोबर रोजीं वंगभंग अंमलांत आला व स्वदेशीची चळवळ देशभर पसरली. आणि २५ डिसेंबर रोजीं बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें हिंदी ख्रिस्ती लोकांनीं नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन केली. व्ही. एस. अझरिया व के. टी. पॉल हे तिचे आद्य पुढारी. हिंदी माणसें, हिंदी पैसा व हिंदी व्यवस्था हें तिचें सूत्र होतें. स्वदेशीचा वारा ख्रिस्ती मंडळ्यांच्या अंगणांतही शिरला होता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मराठींत या भावनेस वाणी दिली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं. त्यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत झाला. नागपूर व राजनांदगांव येथें त्यांचा कांहीं काळ गेला होता. नागपुराहून राजनांदगांवास जातांना रेल्वेच्या डब्यांत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणजे त्यांच्या जीवनाला वळण लागलें तें आमच्याच बाजूच्या लोहमार्गावर. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनीं अहमदनगरास राहून अमेरिकन मराठी मिशनमध्यें काम केलें व १८४२ सालीं निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचें संपादन केलें. तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्तापर्यंत आलों, असें ते म्हणत. त्यांच्या पदांतून भारतभूमि ही माता म्हणून येते, आणि तिच्यासाठीं ख्रिस्ताजवळ केलेलें मागणें येतें. हीं पदें 'उपासना-संगीत' या भजनसंग्रहांतून खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत गेलीं. ज्यास लिहितांवाचतां येत नव्हतें तोही तीं तोंडपाठ म्हणूं शके. जेथें प्रार्थना लिहिलेली नव्हती तेथें पदानें ती टिकवून धरली. म्हणून लेखी प्रार्थनाग्रंथ नसलेल्या वऱ्हाडांतील मंडळ्यांसाठीं भजनसंग्रहाचें महत्त्व दुप्पट आहे.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडली व 'देवाचा दरबार' या नांवानें बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांची बंधुता उभी करण्याचा प्रयत्न आरंभिला. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस वारले, आणि तें काम अपुरें राहिलें. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त या काळाचें जिवंत दर्शन घडतें. येथें 'दरबार' हा शब्द पाहा. 'रदबदली' व 'दरबार' हे दोन्ही शब्द मराठी राज्यव्यवहारांतले. पाश्चात्य मंडळीची घटना उसनी न घेतां, आपल्या लोकांस समजेल अशा शब्दांत देवापुढें देश उभा करावा, हा प्रयत्न त्या एका शब्दांत दिसतो.

६

स्वातंत्र्य आलें तो १५ आगस्टचा दिवस रोमन पंथाच्या ख्रिस्ती लोकांत मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आहे. तेव्हांपासून एकाच दिवशीं सण व देशाचें मागणें यांचा योग जुळला. पण प्रार्थनेची खरी परीक्षा सणांत होत नसून व्यवहारांत होते. १९३२ च्या जातीय निवाड्यानें हिंदी ख्रिस्ती लोकांस निराळे मतदारसंघ दिले होते. घटनासमितीपुढें जेव्हां राखीव जागांचा प्रश्न आला, तेव्हां त्या समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी व फादर जेरोम डिसोझा यांसारख्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनीं राखीव जागांचा आग्रह धरला नाहीं. आणि १९४९ च्या मे महिन्यांत धर्मावर आधारलेल्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव झाला. देशासाठीं मागणें करणाऱ्यानें स्वतःसाठीं निराळा वाटा मागितला नाहीं, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

तथापि संशय मिटला नाहीं. १९५४ सालीं तत्कालीन मध्यप्रदेश सरकारनें न्यायमूर्ति भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठीं समिति नेमली. त्या वेळीं यवतमाळ जिल्हा त्याच राज्यांत होता व राजधानी नागपुरास होती. १९५६ सालीं समितीचें प्रतिवृत्त प्रसिद्ध झालें. परदेशी पैसा, धर्मांतराची रीत आणि धर्मांतरितांची राष्ट्रनिष्ठा हे प्रश्न त्यांत उपस्थित केले गेले, व ख्रिस्ती संस्थांनीं त्याचा जोरानें प्रतिवाद केला. त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच : निष्ठेचा प्रश्न पुराव्यानें सोडवावयाचा तर केवळ संस्थांचे जमाखर्च व वरिष्ठांचीं निवेदनें पाहून भागत नाहीं. जमाखर्चावरून पैसा कोठून आला हें कळतें. मन कोठें होतें हें कळत नाहीं. दारव्ह्याच्या किंवा वणीच्या मंडळींतील सामान्य स्त्रीपुरुषांनीं पावसासाठीं, पिकासाठीं, गांवांतील साथ ओसरावी म्हणून, आणि सरकार कोणाचेंही असो त्यानें न्यायानें वागावें म्हणून काय मागितलें, हा पुरावा दोन्ही पक्षांच्या उपयोगीं पडला असता. तो अनुकूल निघेल कीं प्रतिकूल, हें आधींच ठरविणें संशोधकाचें काम नव्हे. तो जपणें मात्र त्याचें काम आहे.

या जिल्ह्याचा प्रार्थनेशीं संबंध पुढेंही राहिला. इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया ही संस्था १९५१ सालीं निघाली, आणि १९५३ सालीं यवतमाळास युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. तीस वर्षें देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी यवतमाळास येऊन शिकले. १९८३ सालीं ती संस्था पुण्यास गेली. विविध भाषा बोलणाऱ्या तरुणांनीं वऱ्हाडांतील एका जिल्ह्याच्या गांवीं एकत्र बसून उपासना केली, हीच एक लहानशी राष्ट्रसभा म्हणावयाची.

७

शेवटीं संग्राहक मित्रांस विनंति. जुन्या पोथ्यांच्या शोधांत आपण घरोघर फिरतां. तेव्हां ख्रिस्ती घरांचे माळे व पेट्या वगळूं नका. तेथें ताडपत्र वा मोडी दप्तर मिळण्याचा संभव थोडा. पण पुढील प्रकारचे कागद मिळण्याचा संभव आहे. मंडळीच्या सभांचें वृत्तांत-पुस्तक, बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या, प्रार्थनासप्ताहाचीं विषयपत्रकें, 'ज्ञानोदया'चे सुटे अंक, हातानें उतरून घेतलेल्या पदांच्या वह्या, आणि १९२७ पासून जगभर पाळल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या प्रार्थनादिनाचे छापील कार्यक्रम. स्त्रियांचे हे कागद विशेष जपावे, कारण सभेच्या वृत्तांतांत त्यांचें बोलणें क्वचितच उतरतें.

असे कागद बहुधा तारखेवांचून असतात. तारीख ठरविण्याची एक सोपी किल्ली येथें देतों. प्रार्थनेंत राणी व्हिक्टोरिया हें नांव असेल तर ती २२ जानेवारी १९०१ पूर्वींची. त्यांतही 'महाराणी' शब्दाबरोबर 'कैसर-इ-हिंद' ही पदवी असेल तर १८७७ नंतरची. सातवा एडवर्ड असेल तर ६ मे १९१० पर्यंतची. पांचवा जॉर्ज असेल तर २० जानेवारी १९३६ पर्यंतची. आठवा एडवर्ड असेल तर त्याच वर्षांतल्या अकरा महिन्यांतली, आणि असा कागद दुर्मिळ समजावा. सहावा जॉर्ज असेल तर एकदम १९४७ पूर्वींची समजूं नये; स्वतंत्र भारताचाही राजा म्हणून २५ जानेवारी १९५० पर्यंत त्याचेंच नांव कायद्यानें होतें. राष्ट्रपतीचा उल्लेख असेल तर ती प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतरची, हें उघड आहे. एखाद्या वहींत राजाचें नांव खोडून वर दुसरें लिहिलेलें आढळलें, तर ती वही खराब झाली असें मानून टाकूं नका. ती खोड हाच तिच्यांतील सर्वांत मोलाचा मजकूर होय. सत्तांतर एका खेड्यांतील प्रार्थनेपर्यंत केव्हां पोंचलें, हें ती सांगते.

राजाचें नांवच नसेल, तर शब्द पाहावे. 'राष्ट्रें' असें अनेकवचन असेल तर जुना, जगांतील लोकसमूहांचा अर्थ घ्यावा. 'आमचें राष्ट्र', 'हा देश', 'भारत' असे शब्द असतील तर अर्थ पालटला असें समजावें. 'सरकार', 'अधिकारी', 'पुढारी' या शब्दांचा क्रमही पाहावा. कोणाचें नांव आधीं घेतलें जातें यावरून मागणाऱ्याची दृष्टि कळते. वही कोणत्या गांवची, कोणाच्या हातची, कोणत्या मंडळींत वापरलेली, एवढें मूळ मालकास विचारून पहिल्या पानावर पेन्सिलीनें लिहून ठेवावें. मालक वही देण्यास राजी नसेल तर ती मागूं नये. तिची नक्कल करून घ्यावी व मूळ त्याच्याच घरीं राहूं द्यावें. ज्या कागदावर कोणाची उपासना झाली आहे, तो केवळ संग्रहाची वस्तु म्हणून हाताळणें उचित नव्हे.

वऱ्हाडांतील पहिल्या पिढीचे ख्रिस्ती लोक गेले; दुसऱ्या पिढीचेही बहुतेक गेले. त्यांचीं नातवंडें शहरांत गेलीं, आणि जुन्या घरांबरोबर जुन्या पेट्याही मोडीस निघाल्या. राजांचीं फर्मानें जपण्यास दप्तरखाने आहेत. प्रजेनें राजांसाठीं व देशासाठीं केलेली रदबदली जपण्यास दप्तरखाना नाहीं. ती उणीव भरून काढणें संशोधकांच्या हातीं आहे, आणि त्यासाठीं उरलेला वेळ फार नाहीं.